डावीकडचं झाकण

दंतवैद्यांची मोटरसायकल अकरा मिनिटं दोन सिलिंडरवर चालायची आणि मग एकावर. अकरा म्हणजे अकरा. आम्ही घड्याळ लावून पाहिलं होतं. दहाव्या मिनिटापर्यंत ती इतकी शहाण्यासारखी चालायची की आम्ही एकमेकांकडे बघून मान डोलवायचो. अकराव्याला डावा सिलिंडर एकदा अडखळायचा, मग दोनदा, मग काम सोडून द्यायचा, आणि उजवा बिचारा एकटा ओढत राहायचा. संसारात हे चालतं. इंजिनात चालत नाही.

गाडी माझ्यापेक्षा वयाने मोठी आहे. दंतवैद्यांनी ती तरुणपणी हौसेने स्वतः खोलली, आणि मग तीस वर्षं ती तीन खोक्यांत आणि एका पत्र्याच्या डब्यात पडून राहिली. काढणं सोपं आणि बसवणं अवघड, हे त्यांना दातांच्या आधी या गाडीने शिकवलं असणार. आता ते निवृत्त झाले होते आणि त्यांना बायकोला मागे बसवून फिरायला जायचं होतं. बायकोला काय हवं होतं ते कुणी विचारलं नव्हतं. खोकी आमच्या गॅरेजमध्ये आली, आणि सात महिन्यांत मी ती गाडी पुन्हा उभी केली. मी म्हणजे मी आणि माझे सासरे.

सासऱ्यांना सगळे उस्ताद म्हणतात. मी घरात त्यांना बाबा म्हणते आणि गॅरेजमध्ये उस्ताद. घर वर आहे, गॅरेज खाली. मधल्या चौदा पायऱ्यांवर मी त्यांना काहीच म्हणत नाही. लग्न होऊन आले तेव्हा माझ्याकडे यंत्रकामाचा डिप्लोमा होता आणि स्वयंपाकाच्या नावाने बोंब होती. उस्तादांनी आठवड्याभरात दोन्ही गोष्टी ओळखल्या आणि सासूबाईंना सांगितलं की हिला खाली पाठव, सगळ्यांच्याच पोटाचं भलं होईल. त्याला सोळा वर्षं झाली. माझे मिस्टर विमा कंपनीत आहेत आणि पाना आणि चमचा यांतला फरक त्यांना फक्त जेवताना कळतो, त्यामुळे ते या गोष्टीत पुन्हा येणार नाहीत.

मागच्या वर्षी उस्तादांना अर्धांगाचा झटका आला. पाय बराचसा परत आला. बोलणंही परत आलं, होतं तितकंच तिखट आलं. उजव्या हाताची बोटं मात्र आली नाहीत. म्हणजे ती हलतात, पण त्यांना काही लागत नाही. चटका बसेल इतका गरम कप हातात धरून उस्ताद गप्पा मारत बसायचे आणि सासूबाई धावत येऊन तो काढून घ्यायच्या. त्यानंतर गप्पाही बंद झाल्या. पाच महिने ते वर खिडकीपाशी खुर्चीत बसून होते. त्या खिडकीतून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसते. पाच महिने त्यांनी ती टाकी पाहिली. जेवा म्हटलं की जेवायचे, झोपा म्हटलं की झोपायचे, आणि कशावरही रागवायचे नाहीत. आम्ही सगळे घाबरलो होतो.

मग खोकी आली. मी खाली एकेक भाग टेबलावर मांडत होते आणि पाठीमागे जिन्यावर पाऊल वाजलं. खाली उतरायला त्यांना आठ मिनिटं लागली. टेबलाकडे बघून ते म्हणाले, “पिस्टन असे ठेवतात?” दुसऱ्या दिवशी नऊला ते पुन्हा खाली आले, आणि मग रोजच. डॉक्टरांनी जिना टाळायला सांगितलं होतं. सासूबाईंनी डॉक्टरांनाच टाळलं.

आता ठिपक्याबद्दल सांगायला हवं. आमच्या गॅरेजचा एक नियम आहे आणि तो काळ्या दगडावरची रेघ आहे. एखादं काम उस्ताद स्वतःच्या हाताने पुरं करतात तेव्हा त्या नटावर किंवा झाकणावर पिवळ्या रंगाचा एक ठिपका देतात. ज्यावर ठिपका आहे ते कुणी उघडायचं नाही. गाडीत काहीही बिघडो, दोष ठिपक्याखाली नसतो, दुसरीकडे शोधा. आणि खरं सांगायचं तर तो कधीच तिथे नसायचा. तीस वर्षांत एकाच मेकॅनिकने ठिपका मोडला. उस्ताद त्याला एक शब्द बोलले नाहीत, फक्त त्याचा जेवणाचा डबा त्याच्या हातात दिला. तो आता चष्म्याच्या फ्रेमा विकतो.

या गाडीचं सगळं काम मी केलं आणि उस्तादांनी खुर्चीत बसून सांगितलं. फक्त शेवटी, इंजिनाची झाकणं लावायच्या वेळी, ते उठले आणि म्हणाले की टॅपेट मी लावतो.

टॅपेट लावणं म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा दांडा यांच्यामध्ये केसाएवढी फट ठेवणं. इंजिन तापलं की लोखंड वाढतं, त्या वाढीला जागा हवी म्हणून ही फट. मोजायला पातळ पोलादी पट्ट्यांची एक जुडी असते आणि प्रत्येक पट्टीवर तिच्या जाडीचा आकडा असतो. या गाडीला सहाची पट्टी लागते. पट्टी फटीत सरकवायची, स्क्रू फिरवायचा आणि पट्टी ओढून बघायची. ती सैल निघता कामा नये आणि अडकताही कामा नये. बोटांना नुसती ओढ लागली पाहिजे. ती ओढ किती, हे कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नाही.

एका सिलिंडरचे दोन व्हॉल्व्ह लावायला उस्तादांना पूर्वी चार मिनिटं लागायची. त्या दिवशी डाव्या सिलिंडरला चाळीस लागली. मी त्यांच्याकडे पाठ करून व्हाइसच्या पकडीपाशी उभी राहिले आणि आधीच घासून झालेला एक तुकडा पुन्हा घासत बसले. शेवटी त्यांनी झाकण लावलं, ब्रश मागितला आणि ठिपका दिला. ठिपका लांबट आला आणि त्याला एक ओघळही गेला. मग ते म्हणाले की उजवा तू लाव, मला चहा प्यायचाय. चहा त्यांनी अर्ध्या तासापूर्वीच घेतला होता.

तर असा डावीकडच्या झाकणावर ठिपका होता आणि उजवीकडच्या झाकणावर नव्हता. आणि बंद पडत होता तो डावा.

पहिल्यांदा हे झालं त्या सोमवारी दंतवैद्य समोरच उभे होते. दहा मिनिटं त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू होतं ते त्यांच्या पेशंटांनी कधी पाहिलं नसेल. अकराव्या मिनिटाला उस्तादांनी खुर्चीतून हात वर केला आणि “बंद कर” म्हणाले, आणि ते म्हणाले त्यानंतर डावा अडखळला. मी गाडी बंद करून बोटं पाण्यात बुडवली आणि दोन्ही सायलेन्सरच्या नळ्यांवर शिंतोडे उडवले. उजवीवर पाणी चुर्र करून उडालं. डावी गार पडायला लागली होती. उस्तादांनी मान हलवली आणि वायरिंग बघा म्हणून सांगितलं.

विजेचं सगळं आमचा वायरमन बघतो. पन्नाशीचा, काटकुळा, आणि जगातलं कुठलंही खापर फिरून आपल्याच डोक्यावर फुटणार याची पक्की खात्री असलेला माणूस. “माझंच असणार,” तो म्हणाला, आणि कामाला लागला.

दोन सिलिंडरच्या गाडीत दोष शोधणं तसं सोपं असतं. डावीकडची वस्तू उजवीकडे लावायची. दोष तिच्याबरोबर उजवीकडे गेला तर वस्तू चोर, नाही गेला तर साव. सोमवारी आम्ही प्लग बदलून पाहिले. साव. मंगळवारी प्लगच्या वायरी आणि दोन्ही कॉइल. साव. पॉइंट घासून पुन्हा लावले, ठिणगी सांभाळणारा कंडेन्सर नवा घातला. डावा अकराव्या मिनिटाला ठरल्याप्रमाणे घरी गेला. कार्बोरेटर दोघांत मिळून एकच आहे, तो बिघडला असता तर दोघंही बिघडले असते. तरी वायरमनने तो दोनदा धुतला.

बुधवारी गाडी अकरा मिनिटं चालवून आम्ही बंद केली. उस्ताद जेवायला वर गेले, आणि मी गरम इंजिनाचे प्लग काढून तिथे कॉम्प्रेशन मोजायचा गेज लावला. गार असताना दोन्ही सिलिंडरचा दाब सारखा आला होता. तापल्यावर उजवा तसाच होता आणि डावा निम्म्यावर आला होता. याचा अर्थ एकच होतो. फट कमी आहे. लोखंड तापून वाढलं की फट संपते आणि व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. तोंड उघडं राहिलेल्या सिलिंडरमध्ये ठिणगी पडली काय आणि न पडली काय.

वायरमननेही तो आकडा पाहिला. मग आम्ही दोघांनी मिळून डावीकडच्या झाकणाकडे पाहिलं, आणि मग एकमेकांकडे न बघता दुसरीकडे पाहिलं.

“कंडेन्सर बदलून बघू,” तो म्हणाला.

“तीनदा बदललाय.”

“चौथ्यांदा बदलू, वहिनी.”

आम्ही चौथ्यांदा बदलला.

मला पुरतं कळलं होतं की काय झालंय आणि कुणाच्या हातून झालंय. मला हेही कळलं होतं की ज्या दिवशी हे उस्तादांना कळेल, त्या दिवशी ते वर जातील आणि टाकीसमोर बसतील. या वेळी ते पाच महिन्यांनी खाली येणार नाहीत. मुळीच येणार नाहीत. आणि हे होऊ द्यायचं नाही, एवढंच मला त्या आठवड्यात हवं होतं.

पण उस्ताद तर रंगात आले होते. रोज पावणेनऊलाच खाली हजर. आज स्विच उघडा, आज बॅटरीची टोकं घासा, आज इंजिनापासून फ्रेमपर्यंतची वायर बदला. गुरुवारी त्यांनी हेडलाइटची वायर तपासायला लावली. हेडलाइटच्या वायरीचा आणि डाव्या सिलिंडरचा काय संबंध, हे विचारायची माझी छाती झाली नाही. वायरमनने ती बदलली आणि अकराव्या मिनिटाला पुन्हा चोर सोडून संन्याशाला फाशी दिल्यासारखा चेहरा करून उभा राहिला. उस्ताद त्याला यथेच्छ बोलले, आणि वर जाऊन दोनदा वाढून घेऊन जेवले.

दुपारी सासूबाई चहा घेऊन खाली आल्या. त्यांना इंजिनातलं काही कळत नाही असं त्या स्वतःच सांगतात. कप ठेवून त्या म्हणाल्या, “चार दिवस बघतेय, तुम्ही सगळे ते एक झाकण सोडून सगळीकडे बघता. काखेत कळसा आणि गावाला वळसा. काय आहे त्यात?”

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता. मी सगळं सांगितलं. त्या बराच वेळ फडक्याने न सांडलेला चहा पुसत राहिल्या. मग म्हणाल्या की रोज सकाळी ते शर्टाची बटणं स्वतः लावतात, आणि मी कॉलर सरळ करते असं सांगून ती पुन्हा लावते. वर्ष होत आलं. त्यांना अजून कळलेलं नाही.

“तूही तसंच कर,” त्या म्हणाल्या. “मला ते पाच महिने परत नको आहेत गं.”

गाडी तशीच देऊन टाकणं शक्य नव्हतं. नीट न मिटणारा व्हॉल्व्ह महिन्याभरात जळतो, आणि तो बहुतेक एखाद्या चढावर जळला असता, मागे बायको बसलेली असताना. दंतवैद्य शनिवारी गाडी न्यायला येणार होते.

शुक्रवारी सकाळी आम्ही गाडी चालवलीच नाही, म्हणजे इंजिन गार राहिलं. टॅपेट गार इंजिनावरच लावतात. दुपारी दोन ते चार उस्ताद झोपतात. सव्वादोनला मी डावीकडच्या झाकणावर पाना लावला. वायरमन म्हणाला की मी बाहेर जाऊन उभा राहतो, म्हणजे कुणी विचारलं तर मी पाहिलं नाही असं खरं सांगता येईल.

झाकण निघालं. मी सहाची पट्टी घातली, गेलीच नाही. पाचची नाही, चारची नाही. दोनची गेली, तीही अडकत. मी ती ओढली आणि माझ्या बोटांना जी ओढ लागली ती एवढी होती की पट्टी तुटेल असं वाटलं. तेव्हा मला समजलं की चाळीस मिनिटं माझ्या पाठीमागे काय चाललं होतं. त्यांनी पट्टी ओढली आणि बोटांना काही लागलं नाही. स्क्रू थोडा आवळला, पुन्हा ओढली, तरी काही नाही. मग आणखी आवळला, आणि असं करत करत शेवटी त्या मेलेल्या बोटांना ओळखीची ओढ लागली. तेव्हा त्यांना वाटलं, झालं. मी तिथेच इंजिनावर डोकं टेकून रडले. सांगायला लाज वाटत नाही.

मग डोळे पुसले, दोन्ही व्हॉल्व्ह सहाला लावले आणि झाकण बसवलं. पाना लागून ठिपक्याचे टवके उडाले होते. मी झाकण पुसून घेतलं, त्यांचा ब्रश घेतला, श्वास रोखला आणि ठिपका दिला.

साडेतीनला गाडी चालू केली. अकरावं मिनिट आलं आणि गेलं. वायरमन घड्याळाकडे बघत होता आणि ओठ हलवत होता. वीस मिनिटं झाली, तीस झाली. मी पाणी उडवलं. दोन्ही नळ्यांवर चुर्र झालं. जिन्यावर पाऊल वाजलं आणि उस्ताद झोपेतून उठलेल्या केसांनी खाली आले.

“काय होतं?”

“कंडेन्सर,” वायरमन म्हणाला. “माझाच दोष होता, उस्ताद. पहिले चार खराब निघाले.”

“चारही?”

“माल हल्ली असाच येतो.”

उस्ताद गाडीपाशी गेले. डाव्या बाजूला वाकून बराच वेळ उभे राहिले. आवाज ऐकत असतील असं मला वाटलं, म्हणजे वाटावं असं वाटलं. मग सरळ झाले, चांगलं झालं म्हणाले आणि वर गेले. त्या संध्याकाळी त्यांनी वायरमनबद्दल एकही वाईट शब्द काढला नाही.

शनिवारी दंतवैद्य बायकोला घेऊन आले. ती मागे बसली, आणि कोपऱ्यापर्यंत पोचेस्तोवर तिने त्यांना तीनदा हळू चालवायला सांगितल्याचं आम्हाला इथपर्यंत ऐकू आलं. दोन्ही सिलिंडर सुरेख वाजत होते. बघायला उस्ताद खाली नव्हते. सासूबाईंनी सांगितलं की पाय दुखतोय म्हणाले. रविवारी गॅरेज बंद असतं. सोमवारी नऊ वाजले, साडेनऊ वाजले, दहा वाजले. वायरमन कुणाच्यातरी हॉर्नची वायर जोडत होता आणि दर दोन मिनिटांनी जिन्याकडे बघत होता. मी पाना खाली ठेवला आणि वर गेले.

ते खुर्चीत होते. तोंड टाकीकडे.

“ठिपका छान आलाय,” ते वळून न बघता म्हणाले. “गोल. माझा आता तसा येत नाही.”

मी सोळा वर्षांत पहिल्यांदा न विचारता त्यांच्यासमोर बसले. माफी मागायचं ठरवून आले होते, आणि बोलायला लागले ते भलतंच. मी म्हटलं की पाच दिवस आम्ही त्या इंजिनाभोवती खुळ्यासारखे फिरलो, धडधाकट कॉइल काढल्या, वायरमनने सगळा आळ स्वतःवर घेतला, आणि हे कुणासाठी केलं? तुम्ही पुन्हा इथे येऊन बसू नये म्हणून केलं. आणि तुम्ही इथेच येऊन बसलात.

त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “तुला कधी कळलं?”

“बुधवारी.”

“मला सोमवारी. तू पाणी उडवायच्या आधी.”

ते म्हणाले की गार असताना धड आणि तापल्यावर एकच बाजू आजारी, म्हणजे टॅपेट आवळलेला. हे शेंबडं पोर सांगेल. आणि त्या बाजूचा टॅपेट कुणी लावला होता हे त्यांना माहीत होतं. म्हणून तर डावा अडखळायच्या सुमारासच ते रोज गाडी बंद करायला लावत होते, व्हॉल्व्ह जळू नये म्हणून.

“मग हेडलाइटची वायर कशाला?” मी विचारलं.

खालून हॉर्न एकदा वाजला आणि थांबला.

“दोष होता तोवर मला खाली यायला कारण होतं,” ते म्हणाले. “सापडला की संपलं. दुसरं इंजिन येईल, पण त्यात मी काय करणार? बोटांना काही लागतच नाही.”

मला त्यांचा राग आला आणि माझाही आला. एकाच गोष्टीसाठी आम्ही दोघं पाच दिवस एकमेकांशी खोटं वागत होतो, आणि मधल्यामध्ये बिचारा वायरमन भरडला गेला. मी म्हटलं, बाबा, तुम्ही नसलात तर मला खाली काम करायला आवडणार नाही. हे मी कधी बोलेन असं मला वाटलं नव्हतं. त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, पण कान लाल झाले.

“किती निघाली?” थोड्या वेळाने त्यांनी विचारलं.

चार म्हणून सांगता आलं असतं. “दोन. तीही अडकत.”

“दोन,” ते म्हणाले. “मला वाटलं होतं निदान चार असेल.”

मी म्हटलं की उजव्या हाताला लागत नाही हे ठरलं, पण डावा हात आहे ना. त्यांनी हात झटकला. डाव्याने जन्मभर नुसता पाना धरलाय, त्याला ओढ म्हणजे काय ते ठाऊकसुद्धा नाही, त्याला काही येत नाही, असं ते म्हणाले.

“मलाही काही येत नव्हतं,” मी म्हणाले.

उस्तादांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. मग चपला शोधायला लागले.

खाली मी एक जुनं भंगारातलं इंजिनाचं डोकं, म्हणजे व्हॉल्व्ह असतात तो वरचा भाग, व्हाइसमध्ये आवळलं आणि त्यांच्यासमोर पट्ट्यांची जुडी ठेवली. त्यांनी पाना उजव्या हातात धरला. तो निसटायला लागला तेव्हा मी धरला. डाव्या हाताने त्यांनी सहाची पट्टी सरकवली, स्क्रू फिरवायला सांगितला, थांब म्हणाले, पट्टी ओढली आणि डोळे मिटून थोडा वेळ बसले.

“झालं,” ते म्हणाले.

आमच्या गॅरेजमध्ये त्यांचं काम त्यांच्यासमोर कुणी तपासत नाही. मी दहाची पट्टी घातली. ती आरामात गेली.

“सैल,” मी म्हणाले. वायरमनने मान खाली घातली.

“किती?”

“दहा. कदाचित अकरा.”

“नवा हात भितो, म्हणून सैल ठेवतो,” उस्ताद म्हणाले. “पुन्हा.”

दुसऱ्यांदा नऊ निघाली. तिसऱ्यांदा चार, आणि ती का निघाली यावर त्यांनी मला, स्क्रूला आणि वायरमनला पाच मिनिटं सुनावलं. चौथ्यांदा पुन्हा नऊ. तेवढ्यात सासूबाईंनी जिन्याच्या वरून जेवायला हाक मारली.

“झाकून ठेव म्हणावं,” उस्ताद म्हणाले आणि डाव्या हाताने पट्टी उचलली. “याला अजून काही येत नाही.”